मुकादमाचा शब्द

‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याला खर्चापेक्षाही खोळंब्याचा अनुभव अधिक आला असावा. घर बांधणाऱ्या गृहस्थाचे अंदाजपत्रक चुकते हे खरेच. पण त्याच्या डोक्याला खरा ताप होतो तो निराळ्याच कारणाने. गवंडी येतो त्या दिवशी वाळू आलेली नसते. वाळू येते तेव्हा गवंडी दुसऱ्या कामावर गेलेला असतो. आणि दोघांची गाठ पडलीच, तर ज्या भिंतीला हात लावायचा तिच्यातून पाण्याचे नळ कोठून जाणार हे अजून कोणी ठरविलेले नसते. एका घराच्या बाबतीत जे घडते तेच रुग्णालयाच्या, शाळेच्या किंवा कचेरीच्या इमारतीच्या बाबतीत शंभर पटीने घडते. केंद्र सरकारचे सांख्यिकी व कार्यक्रम कार्यान्वयन मंत्रालय १५० कोटी रुपये व त्याहून अधिक खर्चाच्या केंद्रीय प्रकल्पांवर नजर ठेवते. त्याच्या अहवालांतून विलंबाची तीच ती कारणे वर्षानुवर्षे नोंदली जातात: भूसंपादन, परवाने, निविदांतील दिरंगाई, बदललेले आराखडे, कंत्राटदाराच्या अडचणी. ही कारणे खोटी नाहीत. परंतु जमीन ताब्यात आहे, परवाने हाती आहेत, पैसा मंजूर आहे, आणि तरीही इमारत उभी राहत नाही, असे जेव्हा होते तेव्हा दोष कोणाच्या माथी मारावा?

बहुधा तो कामगारांच्या माथी मारला जातो. माणसे कामचुकार आहेत, आणखी माणसे लावा, रात्रपाळी करा, असा हुकूम सुटतो. या समजुतीला ज्यांनी पहिला धक्का दिला, त्यांनी आपल्या पद्धतीला ‘लीन’ असे नाव घेतले आहे. हा शब्द मराठी कानाला चकविणारा आहे. आपल्याकडे लीन म्हणजे नम्र, किंवा एखाद्या गोष्टीत बुडून गेलेला. इंग्रजीत त्याचा अर्थ अंगावर फाजील चरबी नसलेला, सडपातळ. कामाच्या अंगावरची चरबी म्हणजे वाट पाहणे, साठवून ठेवणे, उचलून इकडून तिकडे नेणे, केलेले मोडून पुन्हा करणे. ती झडून जावी एवढाच या नावाचा मूळ हेतू.

विचार जपानी आहे आणि त्याचा उगम एका मागात आहे. साकिची तोयोदा यांनी १९२४ साली जो स्वयंचलित माग पूर्ण केला, त्याचा विशेष असा की सूत तुटताच तो आपोआप थांबे. सदोष कापड भराभर विणण्यापेक्षा माग थांबलेला बरा, ही गोष्ट त्या काळी उरफाटीच वाटली असली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच घराण्याच्या मोटारींच्या कारखान्यात तैइची ओहनो यांनी तिला दुसऱ्या एका तत्त्वाची जोड दिली. पुढच्याला हवे असेल तेव्हाच, हवे तेवढेच मागच्याने करावे, हे ते तत्त्व. या पद्धतीला ‘लीन’ हे नाव जॉन क्रॅफ्सिक यांनी १९८८ साली दिले आणि १९९० साली निघालेल्या एका अमेरिकन ग्रंथाने ते जगभर पोचविले. १९९२ साली लॉरी कोस्केला या फिनलंडच्या संशोधकाने अमेरिकेतील स्टॅन्फर्ड विद्यापीठात एक अहवाल लिहून विचारले की, जे मोटारींना लागू पडले ते इमारतींना का पडू नये? पुढच्याच वर्षी फिनलंडमधील एस्पो या गावी मूठभर अभ्यासक जमले. त्यांचा परिवार पुढे इतका वाढला की २०१८ साली त्यांची वार्षिक परिषद चेन्नईला भरली.

यावर एक आक्षेप ताबडतोब येतो, आणि तो क्षुल्लक नाही. कारखान्यात कामगार जागच्या जागी उभा असतो आणि मोटार त्याच्यापुढून सरकत जाते. बांधकामावर इमारत जागच्या जागी असते आणि कामगारांच्या टोळ्या तिच्यामधून सरकत जातात. कारखान्यावर छप्पर असते. इमारतीवर आधी पाऊस पडतो आणि मग छप्पर येते. प्रत्येक इमारतीची जमीन वेगळी, मालक वेगळा, माणसे पहिल्यांदाच एकत्र आलेली. मग तुलना कशी व्हावी?

या आक्षेपाला एक उत्तर न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर उभे आहे. एम्पायर स्टेट बिल्डिंग ही १०२ मजल्यांची इमारत १७ मार्च १९३० रोजी सुरू झाली आणि १ मे १९३१ रोजी तिचे उद्‌घाटन झाले. तेरा-साडेतेरा महिन्यांचा हा अवधी आजही विश्वास बसू नये असा आहे. ऐन वस्तीतील त्या जागेवर सामान साठवायला ठिकाणच नव्हते. तेव्हा जे लागणार ते त्या त्या दिवशीच यावे अशी व्यवस्था करणे भाग पडले. विटांच्या गाड्या तळघरातील मोठ्या नसराळ्यांत रिकाम्या होत, तेथून विटा ढकलगाड्यांत भरून वर जात, आणि वरच्या मजल्यांवर चक्क रूळ टाकलेले होते. त्यांवरून त्या गवंड्याच्या हाताशी पोचत. जेवणासाठी खाली उतरण्यात वेळ जाऊ नये म्हणून वरच्या मजल्यांवरही खाणावळी होत्या. ‘लीन’ हा शब्द तेव्हा जन्मायचा होता. पण वाहत्या कामाचे मर्म त्या बांधणाऱ्यांना कळलेले होते. (एवढ्या घाईने बांधलेली ती इमारत मंदीमुळे पुढे कित्येक वर्षे बरीचशी रिकामीच राहिली, हा भाग वेगळा. वेळेवर बांधणे आणि गरजेचे बांधणे या दोन गोष्टी एक नव्हेत.)

आता वाहते काम म्हणजे काय आणि ते तुंबते का, हे एका खेळावरून फार चांगले समजते. या विषयाच्या वर्गांतून तो विद्यार्थ्यांकडून फाशांनी खेळवून घेतात. समजा, ३५ खोल्यांची एक इमारत आहे आणि तिच्यात पाच टोळ्यांनी एकीमागून एक काम करायचे आहे: भिंती बांधणारे, विजेच्या नळ्या टाकणारे, गिलावा करणारे, फरशी बसविणारे आणि शेवटी रंगारी. प्रत्येक टोळी आठवड्याला नेमक्या ५ खोल्या करते. पहिली टोळी ७ आठवड्यांत मोकळी होईल, पुढची प्रत्येक तिच्यामागून एकेका आठवड्याने, आणि रंगारी अकराव्या आठवड्याच्या अखेरीस आपले डबे उचलतील. आता सरासरी तीच ठेवून केवळ नियमितपणा काढून टाकू. फाशाच्या तीन बाजूंवर ९ लिहू आणि तीन बाजूंवर १. टोळी कधी आठवड्यात ९ खोल्या करील, कधी एकच. सरासरी अजूनही ५ आहे. कागदावर काहीच बदललेले नाही. परंतु खेळ खेळून पाहावा, म्हणजे काम अकरा आठवडे ओलांडून पुढे गेल्याचेच बहुतेक वेळा आढळते.

याचे कारण शोधायला गणिताची पदवी नको. गिलावा करणाऱ्यांचा फासा ९ पडला, पण नळ्यावाल्यांनी एकच खोली मोकळी करून दिलेली असेल, तर त्यांचे ते ९ पाण्यात गेले. उलट त्यांचा फासा १ पडला, तर त्याचा फटका मागून येणाऱ्या सगळ्यांना बसला. चांगला आठवडा पुढच्याच्या हाती क्वचितच पोचतो; वाईट आठवडा मात्र न चुकता पोचतो. म्हणून एकूण इमारतीच्या दृष्टीने कधी वेगाने आणि कधी कूर्मगतीने काम करणाऱ्या टोळीपेक्षा, मध्यम पण नेमाने काम करणारी टोळी मोलाची ठरते. ज्याला आपण आळस म्हणून शिव्या देतो तो पुष्कळदा आळस नसून नाइलाजाने बसून राहणे असते. अशा वेळी आणखी माणसे आणली तर बसून राहणाऱ्यांची संख्या तेवढी वाढते.

अमेरिकेत ग्लेन बॅलर्ड आणि ग्रेगरी हॉवेल या दोघांनी १९९० नंतरच्या दशकात प्रत्यक्ष बांधकामांवर एक साधी मोजणी केली. आठवड्याच्या आरंभी जी जी कामे या आठवड्यात पुरी करू म्हणून लिहून दिली जात, त्यांतली आठवड्याच्या अखेरीस किती पुरी झाली, एवढेच त्यांनी मोजले. उत्तर आले सुमारे ५४ टक्के. यंत्रसामग्रीने सुसज्ज आणि शिकलेल्या व्यवस्थापकांनी गजबजलेल्या कामांवरची ही अवस्था. म्हणजे दिलेला शब्द पाळला जाण्याचा संभव नाणे उडविण्यापेक्षा फारसा बरा नव्हता.

असे का व्हावे? कोस्केला यांनी याची फोड केली आहे. कोणतेही एक काम सुरू होण्यास सात गोष्टी जुळाव्या लागतात: नकाशा, साहित्य, माणसे, अवजारे, मोकळी जागा, आधीचे पुरे झालेले काम, आणि हवा-पाणी, परवाने यांसारखी बाहेरची परिस्थिती. समजा, यांपैकी प्रत्येक गोष्ट वेळेवर मिळण्याची खात्री शंभरात पंच्याण्णव आहे. एवढी खात्री असलेला मनुष्य निर्धास्त झोपेल. पण सातही गोष्टी एकाच वेळी जुळण्याची खात्री गुणाकाराने काढली, तर ती शंभरात सत्तरच भरते. आणि आपल्याकडच्या एखाद्या कामावर वाळूची किंवा नकाशाची खात्री पंच्याण्णव आहे असे छातीठोकपणे कोण म्हणेल?

अशा वेळी आपण काय करतो, तर भागवून घेतो. नकाशा आला नाही ना, मग अंदाजाने भिंत घ्या, नंतर पाहू. नळवाला आला नाही, मग गिलावा करून टाका, तो आला की फोडू. ‘हात लावून ठेवा’ हा आपल्या बांधकामांवरचा परवलीचा शब्द आहे आणि त्याचा आपल्याला अभिमानही वाटतो. ओहनो यांनी कारखान्यातील नासाडीचे सात प्रकार सांगितले होते. कोस्केला यांनी २००४ साली त्यांत आठव्याची भर घातली. तो आठवा प्रकार म्हणजे हे भागवून घेणेच होय. सातांपैकी पाचच गोष्टी हाती असताना आरंभलेले काम अर्धवट राहते, जागा अडविते, पुन्हा फोडावे लागते. आणि अर्धवट परांचीवर, कठड्याशिवायच्या जिन्यात, घाईने भागवून घेणाऱ्या मजुराच्या जिवावर ते कधी बेतेल याचा नेम नसतो.

बॅलर्ड यांनी यावर काढलेला उपाय इतका साधा आहे की तो शास्त्र म्हणून सांगताना संकोच वाटावा. मुख्य कचेरीत बसून वर्षभराचे वेळापत्रक आखणारा नियोजक हा पहिला. पण उद्या सकाळी कोणत्या खोलीत कोण काय करणार हे ठरविणारा शेवटचा नियोजक वेगळाच असतो. आपल्याकडे त्याला मुकादम म्हणतात. आठवड्यातून एकदा सर्व मुकादमांनी एका भिंतीवरील कागदासमोर जमावे. पुढील सहा आठवड्यांत जी कामे यायची आहेत त्यांच्या वाटेतले अडथळे काढण्याची जबाबदारी नावानिशी वाटून घ्यावी. ज्याच्या सातही गोष्टी जुळल्या आहेत तेवढेच काम पुढील आठवड्यासाठी कबूल करावे, आणि ते ज्याला करायचे आहे त्याने स्वतः कबूल करावे. आठवडा संपला की किती शब्द पाळले गेले हे मोजावे. पाळला गेला नाही तेथे ‘कोणी मोडला’ असे न विचारता ‘का मोडला’ असे विचारावे, आणि उत्तराच्या मुळाशी जाईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारावे.

गिलावा का झाला नाही? भिंतीतल्या नळ्या झाल्या नव्हत्या. त्या का झाल्या नव्हत्या? वायरमनला नकाशा मिळाला नव्हता. नकाशा का मिळाला नव्हता? शस्त्रक्रियागृहातील दिव्यांची जागा ठरली नव्हती. ती का ठरली नव्हती? ज्या शल्यचिकित्सकांना तेथे काम करायचे त्यांना कोणी विचारलेच नव्हते. गिलाव्यापासून निघालेला प्रश्न असा पाचव्या पायरीच्या आतच गवंड्याला मागे टाकून थेट कचेरीच्या मेजापाशी येऊन पोचतो. या पद्धतीस मोठ्या कचेऱ्यांतून मिळणारा थंड प्रतिसाद पाहिला म्हणजे याचे आश्चर्य वाटत नाही.

परंतु या सर्व व्यवस्थेचा कणा त्या कागदात नाही. तो आहे मुकादमाच्या नकारात. ‘पुढील सोमवारी होणार नाही, साहेब, कारण सळई आलेली नाही’ असे म्हणण्याची ज्याला मुभा आहे, त्याच्याच ‘होईल’ या शब्दाला काही किंमत असते. ज्याला नाही म्हणताच येत नाही त्याचे हो म्हणजे शब्द नव्हे, ती केवळ मान डोलावणे होय. आणि येथे आपल्याकडच्या परिस्थितीचा प्रश्न उभा राहतो. आपला मुकादम पुष्कळदा स्वतःच मजूर पुरविणारा असतो. त्याने कंत्राटदाराकडून उचल घेतलेली असते आणि तिच्यातून गावाकडच्या मजुरांना दिलेली असते. त्या मजुरांचे कुटुंब कामाच्या जागीच पत्र्याच्या खोपटात राहत असते. असा मनुष्य साहेबासमोर नाही म्हणेल काय? तो होच म्हणेल, आणि सोमवारी काम झाले नाही की बोलणीही तोच खाईल. तेव्हा कागद भिंतीवर लावून ‘लीन’ची प्रतिष्ठापना झाली असे मानणे हा भाबडेपणा होईल. काही ठिकाणी तर सडपातळ होणे याचा अर्थ माणसे कमी करून उरलेल्यांना दामटणे असा घेतला जातो. ती या पद्धतीची चेष्टा आहे. वस्तुतः येथे मराठीतला लीन शब्दच उपयोगी पडावा. पण लवायचे आहे ते अभियंत्याने आणि अधिकाऱ्याने.

वरच्यांनी लवावे म्हणजे नेमके काय करावे, याचे एक उदाहरण कॅलिफोर्नियात घडले. तेथे १७ जानेवारी १९९४ रोजी नॉर्थरिजचा भूकंप झाला आणि त्यात रुग्णालयांचेही मोठे नुकसान झाले. त्याच वर्षी त्या राज्याने कायदा केला की, भूकंपात कोसळण्याचा धोका असलेल्या रुग्णालयांच्या इमारती ठराविक मुदतीत बळकट कराव्यात, नव्याने बांधाव्यात, नाही तर त्यांतील रुग्णसेवा थांबवावी. सटर हेल्थ या रुग्णालये चालविणाऱ्या संस्थेपुढे त्यामुळे प्रचंड बांधकाम येऊन पडले. नेहमीच्या करारात वास्तुविशारद, कंत्राटदार आणि मालक हे तिघे तीन तटबंद्या उभारून बसतात. काही बिघडले की आधी पत्र जाते आणि मग मनुष्य जातो. संस्थेने ती वाट सोडली आणि २००५ साली तिच्यासाठी तिघांना एकाच करारात बांधणारा मसुदा तयार झाला. कॅस्ट्रो व्हॅली येथील १३० खाटांच्या, सुमारे ३२ कोटी डॉलर खर्चाच्या रुग्णालयाच्या वेळी तर तब्बल ११ संस्थांनी एकाच करारावर सह्या केल्या. वाचलेल्या पैशांत सर्वांचा वाटा आणि वाढलेल्या खर्चाचा चिमटाही सर्वांच्या नफ्याला. साहजिकच नळवाला आणि वायरमन यांची भांडणे भिंत बांधून झाल्यावर न होता, संगणकावरील नमुन्यासमोर बसूनच मिटली. १ जानेवारी २०१३ ही कायद्याची मुदत होती. रुग्णालय डिसेंबर २०१२ मध्ये उघडले.

आपल्या सार्वजनिक कामांत असा करार आज उद्या होईल असे दिसत नाही. सरकारी पैशाला राखण हवी आणि सर्वांत कमी दराची निविदा ही राखण सर्वांत सोपी. तिने वशिल्याला पुष्कळ आळा घातला हेही मान्य केले पाहिजे. पण कमी दरात काम घेतलेला कंत्राटदार नफा शोधतो तो फरकाच्या बाबींत आणि दाव्यांत. आपले मोजमाप पुस्तकही त्याला साथ देते. त्यात विटकाम किती घनमीटर झाले याची नोंद होते. गवंडी नकाशाची वाट पाहत किती दिवस बसला याला रकाना नाही. मोजणी होईल त्याचे बिल निघते, म्हणून जाडजूड बिलाची कामे आधी उरकली जातात, आणि दारांच्या कड्या, नळांच्या तोट्या, उताराचे पन्हाळे ही बारीक कामे मागे रेंगाळतात. इमारत लांबून पुरी दिसते आणि दोन वर्षे कुलूपबंद राहते. त्या कुलपाबाहेरच्या तालुक्याच्या गावी बाळंतिणीला अजूनही जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावे लागत असते. विलंबाचा खर्च अहवालात कोटींत दिला जातो. त्याचा हा भाग मात्र कोणत्याच कोष्टकात येत नाही.

तथापि नियम अगदीच अचल आहेत असेही नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी प्रकल्प आणि खरेदीविषयी ज्या सर्वसाधारण सूचना काढल्या, त्यांत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक अशी की, ज्या कामांत गुणवत्तेचे महत्त्व विशेष आहे असे सक्षम अधिकारी ठरवील, तेथे केवळ दर न पाहता गुणवत्तेलाही ३० टक्क्यांपर्यंत वजन देता येते. दुसरी साधी, पण या विषयाच्या दृष्टीने पहिलीपेक्षा मोठी. कंत्राटदाराने चालू बिल दिल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत देय रकमेपैकी किमान ७५ टक्के द्यावेत, आणि बाकीची रक्कम तपासणीनंतर २८ कामकाजाच्या दिवसांत चुकती करावी, असे त्यांत म्हटले आहे. बिल वेळेवर मिळाले तर सळई वेळेवर येते, मजुराचा पगार शनिवारी होतो, आणि मुकादमाला पुढच्या उचलीसाठी मान तुकवावी लागत नाही.

तेव्हा ज्या एखाद्या विभागाला ही पद्धत करून पाहायची असेल, त्याने आरंभ बांधकामावरच्या भिंतीपासून न करता आपल्या कचेरीतील भिंतीपासून करावा. तेथे एक कागद लावावा. उपअभियंता नकाशातील शंकेला किती दिवसांत उत्तर देणार, मोजणी कोणत्या वारी होणार, लेखापाल बिल कोणत्या तारखेस पुढे पाठविणार, हे ज्याचे त्याने स्वतःच्या हाताने लिहावे. आठवड्याच्या अखेरीस किती शब्द पाळले गेले ते मोजून तोच आकडा बांधकामावरच्या कागदाशेजारी, मुकादमांना वाचता येईल अशा ठळक मराठीत, लावण्यात यावा.